जुन्या संगणकाची गती वाढवावी का?

शाळेच्या खोलीत कापडाने झाकून ठेवलेला जुना संगणक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सुरू करावा तर तो जागा होईपर्यंत चहा पिऊन होतो. गुरुजी म्हणतात, "टाकवतही नाही आणि चालवतही नाही." मग एखादा चुणचुणीत विद्यार्थी सुचवितो, "सर, याला ओव्हरक्लॉक करू या. फुकटात पळायला लागेल!" हे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, ते खरोखरच फुकट असते काय, आणि आपण त्याच्या वाटेस जावे की नाही, एवढेच आज पाहावयाचे आहे.

संगणकाच्या पेटीत प्रोसेसर नावाची, काडेपेटीहून लहान अशी एक चौकोनी वस्तू असते. सारी आकडेमोड ती करते. तिचे काम कसे चालते? शाळेतले लेझीम आठवा. हलगीच्या एका ठोक्याला एक पाऊल. ठोके जलद पडू लागले की पावलेही जलद पडतात. प्रोसेसरच्या पोटातील कोट्यवधी सूक्ष्म कळा अशाच एका ठेक्यावर उघडतात आणि मिटतात. हा ठेका नेमल्यापेक्षा जलद करणे, याचेच नाव ओव्हरक्लॉकिंग.

उदाहरण घेऊ. २००७ साली पेंटियम ड्युअल-कोअर ई २१६० हा प्रोसेसर आला. त्याच्या मदरबोर्डचा मूळ ठेका सेकंदाला वीस कोटी, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्याची नऊपट करतो, म्हणून त्याची गती १,८०० मेगाहर्ट्झ. नऊ या आकड्याच्या वर जाण्याची वाट कारखान्यातच बंद केलेली असते. पण मदरबोर्डवरचा २०० चा आकडा २५० करता आला, तर नवे २५० म्हणजे २,२५० होतात. गती पंचवीस टक्क्यांनी वाढली, आणि खर्च एक पैसाही नाही! ही हौस नवी नाही. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचा मूळ ठेका ६६ वरून १०० वर नेऊन, ३०० मेगाहर्ट्झचे ४५० करणारे हौशी लोक जगभर होते.

आपण विचाराल, मग कारखानदाराने ही गती आधीच का दिली नाही? त्याला उन्हाळ्यात, धुळीत, साध्या पंख्याखालीसुद्धा यंत्र चालेल याची हमी द्यावयाची असते. म्हणून तो थोडे बळ राखून ठेवतो. आपण खर्च करतो ते हे राखीव बळ. ते किती आहे, हे प्रत्येक नगागणिक वेगळे. हलगी जलद केली तर सगळी मुले एकदम चुकत नाहीत. सर्वांत मंद मुलाचे पाऊल आधी चुकते. प्रोसेसरमध्येही सर्वांत मंद वाट आधी चुकते, आणि एक पाऊल चुकले की उत्तर चुकले.

यावर उपाय म्हणून लोक व्होल्टेज वाढवितात. जोर वाढला की कळा लवकर हलतात, पण घामही वाढतो. प्रोसेसरची उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती सव्वापट आणि व्होल्टेज दहा टक्के जास्त, असा हिशेब मांडा. १.२५ गुणिले १.२१, म्हणजे जवळजवळ दीडपट. ६५ वॅटचे ९८ वॅट झाले. गती सव्वापट, उष्णता मात्र दीडपट!

आता ही उष्णता जाणार कोठे? पंखा कितीही चांगला असला तरी खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही. एका वॅटला अर्धा अंश चढतो असे हिशेबापुरते धरा. ९८ वॅटला ४९ अंश झाले. थंड देशात खोली २० अंशांवर असेल तर प्रोसेसर ६९ वर राहील. आमच्या बदलापूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेथे तोच प्रोसेसर ८९ वर जाईल. फार तापला की तो जीव वाचविण्यासाठी आपण होऊन गती कमी करतो. म्हणजे वाढविलेली गती दुपारी परतही जाते. तेव्हा परदेशातले आकडे वाचून आपण आपल्या पत्र्याच्या खोलीत ठेका ठरवू नये.

मी स्वतः हा मोह केलेला आहे. मांजर्लीला माझ्या घरी असाच एक जुना संगणक आहे. एका रात्री मी २०० चे २५० केले. दोन दिवस सुरळीत गेले आणि मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी मे महिन्यातली भर दुपार. उल्हास नदी जवळ असून वाऱ्याची झुळूक नाही. मी विद्यार्थ्यांच्या गुणांच्या फाइली एकत्र दाबून, म्हणजे झिप करून, पेनड्राइव्हवर ठेवल्या आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. संगणक बंद पडला नाही की त्याने काही तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी उघडावयास गेलो, तो फाइल खराब! गुणांची कागदी वही जपून ठेवली होती म्हणून निभावले. रात्र जागून सारे गुण पुन्हा भरले. पुढे ठेका २०० वर आणून तेच काम तीनदा केले, तिन्ही वेळा फाइल नीट उघडली. दुपारी पुन्हा २५० केले, आणि पुन्हा बिघडली.

गुरुजनहो, यातली गोम ध्यानात घ्या. बंद पडणारे यंत्र परवडले. चुकून गप्प बसणारे यंत्र परवडत नाही. गुणपत्रक, हजेरी, शिष्यवृत्तीचा अर्ज यांतला एक आकडा चुकला तर भोगावे लागते ते मुलाला. म्हणून शाळेच्या संगणकावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय जुना संगणक मंद असतो तो बहुधा प्रोसेसरमुळे नव्हेच. समजा, एका कामाला १०० सेकंद लागतात. त्यांतले ८० सेकंद प्रोसेसर हार्ड डिस्कची वाट पाहत बसलेला असतो आणि काम करतो २० सेकंद. गती सव्वापट केली तर २० चे १६ होतील. एकूण ९६. एवढा खटाटोप चार सेकंदांसाठी!

तेव्हा आधी पेटी उघडा. वायर काढून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशाने धूळ झाडा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर पुसून नवी लावा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील तर ते यंत्र जाणकाराला दाखवा. रॅम कमी असेल तर वाढवा, आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवा. वाट पाहण्याचे ते ८० सेकंद येथे वाचतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबला आहे आणि इतके जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. गती वाढवून ते यादीत जात नाहीत. अशा यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली घालून पाहावी.

एवढे करूनही ज्याला हौस असेल त्याने आपल्या घरच्या यंत्रावर जरूर शिकावे. शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. मूळ आकडे वहीत लिहून ठेवावेत. कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. ठेका पाच-पाचने वाढवावा, व्होल्टेजला हात लावू नये, आणि प्राइम ९५ सारख्या तपासणीच्या प्रोग्रामने यंत्राची परीक्षा रात्री नव्हे, दुपारी घ्यावी. एक जरी चूक निघाली तरी दोन पायऱ्या मागे यावे.

मोठ्यांनाही हाच धडा मिळालेला आहे. इंटेल कंपनीने ४,००० मेगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत २००४ साली सोडला आणि पुढच्या वर्षी एकाच प्रोसेसरमध्ये दोन गाभे घातले. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तर १९९१ सालीच परम ८००० हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकत्र जोडून उभा केला होता. एकाच्या पाठीवर आसूड ओढण्यापेक्षा अनेकांनी काम वाटून घ्यावे, हा त्यातला विचार.

हलगीवाला शहाणा असेल तर तो मुलांच्या पायांकडे पाहून हलगी वाजवितो. आपणही आपल्या जुन्या संगणकाकडे तशाच नजरेने पाहू या.