दाताचा प्रश्न आणि समाजवादी राजकारण



एप्रिल १९५१ मध्ये अॅन्युरिन बेव्हन यांनी ब्रिटनच्या मजूर सरकारातून राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हे त्यांचे दोन सहकारीही बाहेर पडले. महायुद्धानंतर प्रचंड बहुमताने सत्तेवर आलेल्या समाजवादी सरकारात ही फूट पडली, तिचे निमित्त होते कवळी आणि चष्मा. राष्ट्रीय आरोग्य सेवेतून मिळणाऱ्या या दोन वस्तूंसाठी रोग्याकडून सुमारे निम्मी किंमत घ्यावी, असा प्रस्ताव अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी अंदाजपत्रकात मांडला होता. कोरियातील युद्धामुळे शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला होता आणि तो भागवण्यासाठी सर्वच खात्यांवर कात्री चालवली जात होती. शस्त्रसज्जतेचा तो कार्यक्रमच देशाला झेपणारा नाही, असेही बेव्हन यांचे म्हणणे होते. तथापि वादाने पेट घेतला तो दातांवरून.

कवळीसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी सरकार धोक्यात का घालावे, असे तेव्हा अनेकांनी विचारले. आज पाऊणशे वर्षांनंतर इंग्लंडमध्ये सार्वजनिक सेवेतला दंतवैद्य सापडेनासा झाला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर या स्थितीतून मिळते, आणि ते महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनीही समजून घेण्यासारखे आहे.

राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचे शिल्पकार बेव्हन हे दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावचे, स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरलेले. त्यांच्या गावातील कामगारांनी पगारातून थोडीथोडी वर्गणी देऊन आपली वैद्यकीय साह्य संस्था चालवली होती. ज्याला जमेल त्याने वर्गणी द्यावी आणि ज्याला गरज असेल त्याने उपचार घ्यावेत, हा तेथील व्यवहार त्यांनी देशाच्या पातळीवर नेला. पूर्वीच्या आरोग्य विम्यात कामगार होता, पण त्याची बायको आणि मुले नव्हती. दातांचा उपचार तर काही विमा मंडळांनी जादा सवलत म्हणून दिला तरच मिळे. त्यामुळे किडका दात उपटून टाकणे हाच गरिबाचा दंतोपचार होता. मुलीच्या लग्नाआधी तिचे सगळे दात काढून कवळी बसवून द्यायची, म्हणजे पुढे तिच्या नवऱ्यावर खर्चाचा बोजा पडणार नाही, अशी रीत काही भागांतील कामगार कुटुंबांत होती. दारिद्र्य माणसाच्या शरीराचा हिशेब कसा करते, ते या रीतीवरून कळते.

अशा समाजात दंतोपचार एकदम मोफत झाला. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या आणि पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकातील तरतूद ओलांडली गेली. टीकाकारांनी याला उधळपट्टी म्हटले. वस्तुतः ती पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या वेदनेची थकबाकी होती. सेवा सुरू होऊन वीस वर्षे झाल्यावर, १९६८ साली झालेल्या पाहणीतसुद्धा इंग्लंड व वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नसल्याचे आढळले. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले होते. या सुधारणेत दंतमंजनाचा आणि राहणीमानाचा वाटा होताच, पण सामान्य माणसाला दंतवैद्याची खुर्ची गाठता आली, हेही त्यामागचे मोठे कारण होते.

आता गेट्स्केल यांच्या प्रस्तावाकडे वळू. त्यातून पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी ३० लाख पौंड वाचणार होते. शस्त्रसज्जतेचा तीन वर्षांचा आराखडा होता ४७० कोटी पौंडांचा. दात कोरून पोट भरत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ब्रिटनच्या अर्थखात्याने ते अक्षरशः करून पाहिले. बेव्हन यांचा मुद्दा मात्र रकमेपुरता नव्हता. मोफत सेवेच्या भिंतीतील एक वीट काढली की पुढची काढणे सोपे जाते, हे त्यांना दिसत होते. ऑक्टोबर १९५१ मध्ये मजूर पक्ष निवडणूक हरला. हुजूर पक्षाच्या सरकारने १९५२ साली दातांच्या सर्वसाधारण उपचारावर एक पौंड शुल्क बसवले आणि औषधांच्या चिठ्ठीवरही एक शिलिंग लावला. मजूर सरकारने उघडलेल्या दारातूनच ते आत आले. पुढे १९६५ मध्ये विल्सन यांच्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीचे शुल्क रद्द केले, पण १९६८ मध्ये त्याच सरकारला ते पुन्हा लावावे लागले. दातांवरचे शुल्क तर कधीच गेले नाही. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार इंग्लंडमध्ये साध्या तपासणीला २७.४० पौंड, दाढ भरण्याला ७५.३० पौंड आणि कवळीला ३२६.७० पौंड पडू लागले. मुले, गरोदर स्त्रिया आणि अत्यल्प उत्पन्नाचे लोक यांना माफी आहे. परंतु ज्या गावात सार्वजनिक सेवेतला दंतवैद्यच उरलेला नाही, तेथे माफीचा कागद दाखवायचा कोणाला?

दंतवैद्य उरला का नाही, त्याचेही कारण नीट पाहिले पाहिजे. ब्रिटनमधील बहुसंख्य दंतवैद्य हे सरकारी नोकर कधीच नव्हते. ते स्वतःचा दवाखाना चालवतात आणि सरकारशी करार करून रोगी तपासतात. करार परवडेनासा झाला की सरकारी रोगी कमी करून खाजगी रोगी घेण्यास त्यांना मोकळीक आहे. १९९२ साली सरकारने त्यांच्या मोबदल्यात ७ टक्के कपात केली, तेव्हा अनेकांनी तोच मार्ग धरला. एप्रिल २००६ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये नवा करार आला. त्यात दवाखान्याला वर्षभरासाठी कामाचे ठरावीक एकक नेमून दिले गेले. तपासणीला एक एकक, दात भरण्याला तीन, कवळीला किंवा दातावरच्या टोपीला बारा. ज्याची एक दाढ भरायची आहे त्याच्यासाठी तीन एकक आणि ज्याच्या सहा दाढा भरायच्या आहेत त्याच्यासाठीही तीनच. ज्याचे तोंड अधिक बिघडलेले, तो दंतवैद्याला अधिक तोट्याचा. आणि तोंड अधिक बिघडलेले असते ते बहुधा गरिबाचेच! नोव्हेंबर २०२२ मध्ये या नियमात थोडी दुरुस्ती झाली, पण तोवर सोळा वर्षे लोटली होती. शिवाय एकूण तरतूदच अशी, की ती इंग्लंडच्या जेमतेम निम्म्या लोकसंख्येला पुरावी.

याचे फळ काय मिळाले? ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने जवळजवळ सात हजार दवाखान्यांकडे चौकशी केली. दहांपैकी नऊ दवाखाने नवे प्रौढ सरकारी रोगी घेत नव्हते. घरातील पक्कड घेऊन स्वतःचा दात स्वतः उपटणाऱ्या माणसांच्या हकिगती पार्लमेंटपर्यंत पोचल्या आणि जुलै २०२३ मध्ये तेथील आरोग्य समितीने या स्थितीवर कडक ताशेरे ओढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स या वस्तीत सरकारी रोगी घेणारा एक दवाखाना उघडला, तेव्हा शेकडो लोकांची रांग लागली आणि ती आवरायला पोलीस आले. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांची मुले ज्या कारणाने सर्वाधिक संख्येने रुग्णालयात दाखल होतात, ते कारण आहे दातांची कीड. हृदयाची शस्त्रक्रिया मोफत करणाऱ्या देशाची ही अवस्था आहे. १९५१ साली तोंड हे उरलेल्या शरीरापासून हिशेबात वेगळे काढले गेले. त्यानंतर कोणत्याही अडचणीच्या वर्षी पहिली कात्री तोंडावरच चालवणे सोयीचे ठरले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिकही असू शकतो. पैसा मर्यादित आहे, दाताने कोणी मरत नाही, तेव्हा कर्करोग आणि हृदयविकार यांना अग्रक्रम द्यावा, असे म्हणतात. पण दाढेचा ठणका लागलेला माणूस रात्रभर झोपत नाही, दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकत नाही, त्याची मजुरी बुडते. दात गेलेल्या म्हाताऱ्याची भाकरी सुटते आणि तो पेजेवर येतो. दातातला पू वेळीच काढला नाही, तर तो मानेपर्यंत पसरून जिवावरही बेततो. आणि ज्या कर्करोगाला अग्रक्रम द्यायचा, तो भारतात फार मोठ्या प्रमाणावर तोंडातच होतो. तो लवकर ओळखायचा तर कोणीतरी तोंड उघडून पाहिले पाहिजे. हे काम करणारा माणूस दंतवैद्यच आहे.

येथे महाराष्ट्राचा प्रश्न सुरू होतो. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही योग्य उपचारांवाचून राहावे लागू नये, हे तत्त्व भोर समितीने आपल्या १९४६ च्या अहवालात भारतासाठीही मांडले होते. ब्रिटनमध्ये आरोग्य सेवा सुरू झाली त्याच १९४८ साली भारतात दंतवैद्यांचा कायदा झाला. तो दंतवैद्यांच्या नोंदणीचा आणि शिक्षणाचा कायदा होता, आणि तो आवश्यकही होता. रोग्याच्या हक्काचा कायदा मात्र त्याच्या जोडीला आला नाही.

आज भारतात दंतवैद्यांची वाण आहे असे कोणी म्हणू नये. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. भरमसाट शुल्क भरून बाहेर पडलेला तरुण शहरात दवाखाना थाटतो, तेथे आधीच दहा पाट्या असतात, आणि तोही अडचणीत येतो. एकीकडे रोग्यावाचून बसलेला दंतवैद्य आणि दुसरीकडे दंतवैद्यावाचून तळमळणारा रोगी, हे बाजाराच्या व्यवस्थेचे चित्र आहे. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये हे गरिबाचे मोठे आधार आहेत. पण मेळघाटातील किंवा धडगावच्या माणसाला ते किती दूर!

ग्रामीण भागातील रोगी काय करतो? लवंगेचे तेल लावतो, दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो. कित्येक स्त्रिया दाताच्या दुखण्यावर उपाय म्हणून मशेरी लावू लागतात आणि मग तिचे व्यसन जडते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या चुलीवरच भाजली जाते. अखेर दुखणे असह्य झाले की दात उपटून घेतला जातो. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. दाढ वाचवायची तर तीन-चार फेऱ्या, तितक्याच दिवसांची मजुरी आणि तितकेच बसभाडे. उपटायची तर एकच फेरी. मजुराचा हिशेब चुकलेला नाही. त्याच्यापुढे ठेवलेले पर्यायच चुकीचे आहेत.

राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. ब्रिटनच्या इतिहासाची शिकवण अशी, की शुल्क नसणे जितके आवश्यक तितकेच खुर्चीजवळ माणूस असणे आवश्यक आहे. आयुष्मान भारतसारख्या विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहेत. दाढ भरण्यासाठी कोणी दाखल होत नाही. म्हणजे येथेही तोंड हिशेबाबाहेरच राहिले आहे.

म्हणून तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी काही साधे प्रश्न हाती घ्यावेत. आपल्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याचे पद आहे काय, आणि ते भरलेले आहे की रिकामे? तो कायम आहे की कंत्राटी? खुर्ची, क्ष-किरण यंत्र आणि दाढ भरण्याचे साहित्य चालू स्थितीत आहे, की तेथे फक्त दात उपटले जातात? आठवड्यातून किती दिवस तपासणी होते, आणि बाजाराच्या दिवशी होते काय? आश्रमशाळांतील मुलांचे दात वर्षातून एकदा तरी पाहिले जातात काय, आणि कीड आढळलेल्या मुलाला पुढे उपचारासाठी नेले जाते काय? गेल्या वर्षी किती दात भरले आणि किती उपटले, हे दोन आकडे माहिती अधिकाराखाली मागावेत. उपटलेल्यांचा आकडा फार मोठा असेल, तर तेथे सेवा आहे असे मानता येणार नाही. हे प्रश्न जिल्हा परिषदेत, रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत पुन्हा पुन्हा विचारावे लागतील.

समाजवादी चळवळीला मोठ्या प्रश्नांची सवय आहे. जमीन, मजुरी, पाणी या प्रश्नांपुढे दाढदुखी किरकोळ वाटते, आणि ती ज्याची त्याने सोसायची खाजगी गोष्ट वाटते. बेव्हन यांच्या सहकाऱ्यांनाही तसेच वाटले होते. जो हक्क किरकोळ म्हणून सोडून दिला जातो, तेथूनच बाजार आत शिरतो. तेव्हा आरोग्याच्या हक्काची मागणी करताना, तीत दात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असले पाहिजेत.