नंबरप्लेट चिकटवावी की ठोकावी? स्क्रू, डबल टेप आणि स्नॅप लॉक

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातल्या पुनरुक्ती थोड्या काढल्यात, बाकी जसं बोललो तसंच.)

मी मूळचा शहाद्याचा, बी.टेक. करून आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे, इथे आपण रोजच्या वापरातल्या एखाद्या छोट्या वस्तूमागचं इंजिनिअरिंग बघतो. आजची वस्तू आहे गाडीची नंबरप्लेट.

प्रश्न आपल्या नंदुरबारकडूनच आलाय. एका श्रोत्याच्या गाडीचा पुढचा बंपर बदलला. गॅरेजवाल्या भाऊने प्लेटचं जुनं लॉक कापलं आणि प्लेट डबल टेपने चिकटवून दिली. वर म्हणाला, "आता हे भोकं पाडायचं कोणी करत नाही, टेप स्क्रूपेक्षा पक्की." हे खरं आहे का, असा प्रश्न. उत्तर दोन भागांत देतो, कारण इंजिनिअरिंगचं उत्तर वेगळं आहे आणि कायद्याचं वेगळं.

आधी स्क्रूची बाजू बघू. स्क्रू सैल का होतो? आपल्याला वाटतं नीट आवळला नसेल. पण सतत थरथर असेल तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे किंचित सरकत राहतात आणि प्रत्येक सरकण्यात नट केसभर उलटा फिरतो. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला बाईकने गेलेल्यांना ही थरथर समजावून सांगायची गरज नाही. दुसरं म्हणजे भोक. प्लेट ॲल्युमिनियमची, जाडी फक्त १ मिलिमीटर. सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो आणि तिथूनच चीर सुरू होते. म्हणून स्क्रू वापरायचाच तर मोठा वॉशर आणि आत नायलॉनची रिंग असलेला नट.

आता टेप. फोमची चांगली ॲक्रिलिक टेप खरंच ताकदवान असते. हिशोब करून बघू. कारची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर. १ मिलिमीटर जाडीने वजन साधारण १६० ग्रॅम. कायम लटकणाऱ्या वजनासाठी अशा टेपचा अंगठ्याचा नियम आहे: एका किलोला साधारण ५५ चौरस सेंटीमीटर. म्हणजे आपल्या प्लेटला ९ चौरस सेंटीमीटर पुरे! दोन बाय पाचचा एक तुकडा झाला. बाईकची मागची प्लेट २०० बाय १००, तिचं वजन तर ५५ ग्रॅमसुद्धा नाही. कागदावर टेप जिंकली.

मग टेप लावलेल्या प्लेटा रस्त्यात पडतात का? कारणं तीन.

पहिलं, सोलणं. टेपला खाली ओढलं तर ती घट्ट धरते, पण एका कडेला नख घालून सोललं तर सहज येते. केळ्याच्या सालीसारखं. प्लेट थोडी वाकलेली असेल तर ती कडेने रोज थोडी थोडी सोलत राहते.

दुसरं, पृष्ठभाग. रंगवलेल्या बंपरवर टेप छान बसते. बाईकच्या मडगार्डचं काळं, बिनरंगाचं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं, आणि त्याला काहीच नीट चिकटत नाही. त्यावर आपली धूळ आणि चेनचं तेल. टेप मग मडगार्डला चिकटतच नाही, धुळीला चिकटते.

तिसरं, ऊन. थंडीतली पहाट १० अंश आणि मे महिन्यात उन्हात उभी गाडी ६० अंश धरा. एवढ्यात अर्धा मीटर ॲल्युमिनियम सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतं, प्लास्टिकचा बंपर त्याच्या तिप्पट-चौपट. हा सव्वा ते पावणेदोन मिलिमीटरचा फरक कोणीतरी पोटात घ्यावा लागतो. जाड फोम तो घेतो, पातळ टेप घेत नाही. फेविक्विक तर अजिबात नाही, कारण ते वाळल्यावर काचेसारखं होतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तडकतं.

काही चिकटवायचंच असेल तर पद्धत सांगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. टेप लावल्यावर जोरात दाबा, आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात हे लक्षात ठेवा. लावल्या लावल्या गाडी धुवायला नेऊ नका.

आता कायदा. इथे भाऊचं म्हणणं चुकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ५० न निघणारं, पुन्हा न वापरता येणारं स्नॅप लॉक मागतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही हाय सिक्युरिटी प्लेट, म्हणजे एचएसआरपी, कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. दर जीएसटी सोडून दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये. प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो.

लोक विचारतात, एवढं सगळं आहे तर त्या दोन लॉकचं काय अडलंय? अहो, तीच तर मेख आहे! स्क्रू आणि टेप यांचं काम प्लेट पडू न देणं. स्नॅप लॉकचं काम वेगळं: प्लेट काढली तर ते कळलं पाहिजे. लॉक तोडल्याशिवाय प्लेट निघत नाही आणि तुटलेलं लॉक परत बसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा डेटा जपण्याचा प्रश्न नाही, छेडछाड ओळखण्याचा आहे. टेप मात्र दोरा घासून किंवा हेअर ड्रायरने गरम करून निघते आणि दुसऱ्या गाडीवर पुन्हा लागते. मागे खूणही राहत नाही.

ब्रिटनमध्ये प्लेटा ॲक्रिलिकच्या असतात आणि चिकट पॅडने लावणं तिथे सर्रास चालतं. पण तिथेही प्लेटचोरी ही डोकेदुखी आहे, म्हणून काढताना मोडणाऱ्या खास प्लेटा निघाल्या. आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताज हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या. खऱ्या मालकाला आधीपासून दुसऱ्याच्या चुकीची चलनं येत होती.

आणि आपला जिल्हा बघा. एका बाजूला गुजरात, एका बाजूला मध्य प्रदेश. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एमएच ३९ ची चोरलेली प्लेट लावलेली गाडी थोड्या वेळात दुसऱ्या राज्यात असते. सारंगखेड्याच्या यात्रेत शेकडो बाईक ओळीने उभ्या असतात, तिथे टेपची प्लेट काढायला किती वेळ लागेल?

हे सगळं चलनापुरतं असतं तर मी अख्खा भाग केला नसता. अपघाताचा विचार करा. धडक देणाऱ्या गाडीचा नंबर कळला, तर घरचे लोक मोटार अपघात न्यायाधिकरणात जाऊ शकतात. विमा असेल तर भरपाई गेलेल्या माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून ठरते. नंबरच कळला नाही, तर तो 'हिट अँड रन' होतो. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये, ठरलेले. कमावता माणूस पंचविशीचा असो की पन्नाशीचा, रक्कम तीच. घाटात अंधारात पडलेल्या माणसाच्या घरासाठी समोरच्या गाडीची ती १६० ग्रॅमची पाटी एवढी मोलाची असते. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टरमागे गाडी चालवलेल्यांना विचारा, ट्रॉलीच्या मागचा नंबर किती वेळा दिसला.

तर आपल्या श्रोत्याला, आणि सगळ्यांनाच, करायच्या गोष्टी:

एक, बंपर किंवा मडगार्ड बदलताना आधीच विचारा, नवीन स्नॅप लॉक कोण बसवणार. टेपवर भागवू नका.

दोन, प्लेट खडखडत असेल तर तिच्यामागे फोमचे दोन तुकडे लावा. ही टेपची योग्य जागा. लॉकच्या जोडीला ठेवा, बदली नको.

तीन, प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार, मग नवीन प्लेटसाठी अर्ज. बाजारातून तसलाच नंबर रंगवून आणू नका. तक्रार नसेल तर तुमच्या नंबरने कोणी काही केलं की विचारणा तुमच्याकडेच येणार.

चार, आठवड्यातून एकदा प्लेट हाताने हलवून बघा आणि चिखल पुसा. दहा सेकंदांचं काम.

तुमच्या गाडीची प्लेट आत्ता कशावर टिकलीय, बघून नक्की कळवा. गॅरेजवाल्या भाऊलाही हा भाग ऐकवा, पण प्रेमाने. बंपर त्याने छान बसवलाय. पुढच्या भागात भेटू. नमस्कार!