वेबपानाची खानेसुमारी

खानेसुमारीचे काम गावोगावच्या गुरुजींनी केलेले आहे. तेव्हा आजचा विषय त्यांना परका वाटू नये. संगणकावरचे वेबपान आपल्याला सपाट कागदासारखे दिसते, पण यंत्राच्या लेखी ते एक झाड असते. आपला रायगड जिल्हाच घ्या ना. जिल्ह्याखाली पेण आणि रोहा हे तालुके. पेणमध्ये वडखळ आणि विनोबांचे गागोदे, रोह्यात नागोठणे आणि कोलाड. तसेच पानाखाली विभाग, विभागाखाली परिच्छेद, परिच्छेदात मजकूर. यातल्या प्रत्येक ठिकाणाला 'नोड' म्हणतात.

हे झाड क्रमाने फिरण्यासाठी एक गणक नेमता येतो. त्याचे नाव 'नोड-इटरेटर'. तो पेणला पोहोचला की आधी वडखळ, गागोदे पुरी करतो, मगच रोह्याकडे वळतो. आता समजा, गणक गागोद्यात उभा असताना कुणी ते गावच झाडावरून काढून टाकले, तर? ब्राउझर त्याला अलगद शेजारच्या ठिकाणी सरकवून ठेवतो. पण त्यासाठी कोणता गणक कुठे आहे, याची नोंद त्याला सतत बाळगावी लागते.

नोव्हेंबर २००० मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जे मानक प्रसिद्ध केले, त्यात म्हणूनच 'डिटॅच' ही पद्धत होती. काम संपले की हा निरोप द्यायचा. गणक सुटा, ब्राउझरही मोकळा. त्यानंतर त्याच गणकाला कुणी 'पुढचे गाव' म्हटले, तर चूक दाखवली जाई.

पुढे ब्राउझर शहाणे झाले. ज्या गणकाला कुणी विचारीत नाही, त्याची नोंद ते आपणहून मिटवू लागले. निरोपाची गरज उरली नाही. मग तो शब्द काढूनच का टाकला नाही? तर जुन्या पानांत तो लिहून बसला आहे. शब्द नाहीसा केला तर तसले पान त्या ओळीवर अडेल, आणि ते दुरुस्त करणारा माणूस कदाचित केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असेल. म्हणून आजच्या मानकात 'डिटॅच' आहे, पण तो काहीएक करीत नाही. निरोप घ्यायचा, मान डोलवायची, बस्स! मला तरी ही तडजोड माणुसकीची वाटते.

शिक्षकांनी मुलांना नव्या पानात तो लिहायला सांगू नये. जुन्या पुस्तकात दिसला, तर एवढे बजावावे की 'डिटॅच' म्हटल्याने गणक आता थांबत नाही. पुन्हा 'पुढचे गाव' म्हणा, तो मुकाट्याने रोह्याच्या वाटेला लागेल.