घरचा प्रोजेक्टर घरीच नीट करा



सरस्वतीबाई फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) कोऱ्या फिल्मला भोके पाडली. मग शिलाईच्या यंत्राला तेल घालणाऱ्या आपण ८ मिलिमीटरच्या जुन्या प्रोजेक्टरला का भ्यावे?

प्रथम प्लग काढून दिवा निवू द्यावा. कडक झालेला रबरी पट्टा बदलावा. फिल्म सरकते ती फट मऊ कापडाने पुसावी. तिथल्या कचऱ्याने चित्रावर ओरखडे उठतात. फिरत्या भागांना थेंबभरच तेल द्यावे. आधी टाकाऊ फिल्म चालवून पाहावी; अडकलेली फिल्म दिव्याच्या उष्णतेने जळते. शिरक्यासारखा आंबट वास येणारी फिल्म तर लावूच नये.

घरगुती फिल्मची बहुधा एकच प्रत असते. अंबरनाथच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत हसणाऱ्या सासूबाई तिच्यात असतील, तर त्या पुन्हा कुठे भेटणार?