आधी मास्क, मग शोध

हवेत असताना विमानात बिघाड झाला तर वैमानिक काय करतो, हे मला लग्नकार्यातसुद्धा लोक विचारतात. मी आधी हवाई दलात होतो, नंतर लहान बिझनेस जेट चालवली. दोन इंजिनं, मागं सात-आठ आसनं, पुढं आम्ही दोघं. चाकं खाली आल्याचा हिरवा दिवा लागत नाही, जनरेटर बंद पडतो, हायड्रॉलिकचा दाब उतरतो. अशा बहुतेक बिघाडांत वेळ हाताशी असतो. एकानं विमान सांभाळायचं, दुसऱ्यानं चेकलिस्ट काढून ओळ न ओळ मोठ्यानं वाचायची. तिथं घाई हाच खरा शत्रू.

पण एक बिघाड थांबायला तयार नसतो. आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

२५ ऑक्टोबर १९९९. अमेरिकेतल्या ऑर्लँडोहून एक लिअरजेट ३५ डॅलसला निघालं. आत दोन वैमानिक आणि चार प्रवासी. त्याच वर्षी यूएस ओपन जिंकलेले गोल्फपटू पेन स्टुअर्ट त्यांच्यापैकी एक. सकाळी ९ वाजून २७ मिनिटांनी, २३,००० फुटांवर असताना, त्यांना ३९,००० फुटांपर्यंत चढायची परवानगी मिळाली. वैमानिकानं ती नीट परत म्हणून दाखवली. सहा मिनिटांनी नियंत्रकानं हाक दिली, तेव्हा उत्तर आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही.

विमान मात्र उडत राहिलं. हवाई दलाची एफ-१६ विमानं त्याच्या शेजारी गेली. दोन्ही इंजिनं चालू होती, बाहेरून कुठं मोडतोड दिसत नव्हती. पुढच्या काचा तेवढ्या आतून बर्फानं किंवा दवानं धरल्यासारख्या आंधळ्या झाल्या होत्या. उड्डाणापासून जवळजवळ चार तासांनी इंधन संपलं आणि विमान साउथ डकोटातल्या एका शेतात कोसळलं. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात शेवटचा अर्धा तास होता. त्यात केबिनमधली हवा विरळ झाल्याचा इशारा वाजत होता, आणि तो ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं. केबिनचा दाब गेला आणि वैमानिकांना वेळेत ऑक्सिजन मिळाला नाही, हे चौकशीत ठरलं. दाब का गेला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे कसं होतं? जेटच्या केबिनमध्ये इंजिनाकडून दाबलेली हवा येते आणि एका झडपेतून मोजून बाहेर सोडली जाते. त्यामुळे विमान कितीही वर गेलं तरी आतली हवा साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतकी, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवर असावी तशी, ठेवता येते. इंजिनाकडची हवा थांबली किंवा कुठं गळती झाली की हा दाब उतरू लागतो. लहान जेटची केबिनही लहान, म्हणून तेवढ्याच भोकातून ती लवकर रिकामी होते. शिवाय ही विमानं ४०,००० फुटांच्या वरही जातात. २५,००० फुटांवर ऑक्सिजन तुटला तर माणूस तीन ते पाच मिनिटं कामाचा राहतो. ४०,००० फुटांवर पंधरा ते वीस सेकंद.

हे आकडे मला पाठ होते. ते खरे वाटले बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये. तिथं एका बंद कोठडीतली हवा काढत काढत उंची 'चढवतात'. २५,००० फुटांवर प्रशिक्षकांनी मला मास्क काढायला लावला आणि म्हणाले, सतराचा पाढा लिही. मी लिहिला. काही त्रास नव्हता. उलट छान हलकं वाटत होतं, आणि इतकं सुरेख अक्षर आपण कधी काढलं नव्हतं असं वाटत होतं. त्यांनी मास्क चढवला, डोळ्यांपुढचे रंग परत आले, आणि मी कागद पाहिला. एकशे दोनपर्यंत ठीक. पुढं एकशे एकोणीस तीनदा लिहिलेले, आणि त्याखाली नुसती घसरत गेलेली रेघ.

श्रोतेहो, मला सांगायचं आहे ते या कागदात आहे. इतर बिघाड यंत्रात होतात आणि आपण डोक्यानं ते शोधतो. हा बिघाड डोक्यालाच गाठतो, आणि डोकं म्हणतं, मी ठीक आहे. म्हणून इशारा वाजला की 'काय झालं असेल?' हा विचार करायचाच नाही. हात मास्ककडे. तो एका हातानं, पाच सेकंदांत चढवता येईल असाच बनवलेला असतो. शंभर टक्के ऑक्सिजन. मास्कमधल्या माइकवरून सोबत्याशी बोलायचं. मग थ्रॉटल मागं, स्पीडब्रेक बाहेर, नाक खाली, आणि खाली डोंगर नसतील तर थेट १०,००० फूट. नियंत्रकाला कळवायचं. चेकलिस्ट त्यानंतर. त्या अपघातानंतर अमेरिकेच्या चौकशी मंडळानंही हाच आग्रह धरला: दाबाचा इशारा मिळताच पहिली कृती मास्कची असावी, कारण शोधण्याची नव्हे.

ही कृती त्या क्षणी सुचत नाही. ती जमिनीवरच पाठ झालेली असावी लागते, झोपेतून उठवलं तरी बेचा पाढा येतो तशी. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी मी मास्क खाली ओढायचो, ऑक्सिजनचा फुसकारा ऐकायचो, पट्टा डोक्यावर बसवून पाहायचो. दिवसाची चौथी फेरी असली तरी.

तुम्ही विमानात बसता तेव्हा हवाई सुंदरी सांगते, आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा. आईच्या मनाला हे पटत नाही, मला ठाऊक आहे. पण मुलाला मास्क लावणारे हात शुद्धीत राहायला हवेत, एवढ्यासाठीच ते आहे. पुढच्या वेळी कृपा करून ते ऐका.

तो कागद अजून माझ्या लॉगबुकात आहे. येताना बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर पाहावा.