बैलगाडी आणि न्यूटनचा नियम

कापूस वेचून झाला कीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसाच्या गाड्या बाजाराच्या वाटेला लागतात. आतां ट्रॅक्टर वाढले असले तरी बैलगाडी अगदींच गेलेली नाहीं. बैल ओढीत आहेत तोंवर गाडी चालते, बैल थांबले कीं गाडी थांबते, हें तेथील मूल कळूं लागल्यापासून पाहात आलेलें असतें.

हेंच मूल पुढें शाळेंत शिकतें कीं, बाहेरून बल न लागल्यास गतिमान वस्तु सरळ रेषेंत एकसमान गतीनें चालतच राहते. तें नियम पाठ करतें, परीक्षेंत लिहितें, गुणही मिळवितें. पण मैदानावर घरंगळत जाऊन थांबलेला चेंडू दाखवून "हा कां थांबला?" असें विचारतांच उत्तर येतें, "त्यांतला जोर संपला." परीक्षेपुरता न्यूटन आणि व्यवहारापुरती बैलगाडी, अशीं दोन खातीं एकाच मनांत नांदूं लागतात.

हें मंदबुद्धीचें लक्षण मानूं नये. ॲरिस्टॉटलची समजूतही अशीच होती. ती मोडण्यास गॅलिलिओचा १६३८ चा आणि न्यूटनचा १६८७ चा ग्रंथ यावा लागला. मध्यें सुमारें दोन हजार वर्षें गेलीं. अमेरिकेंत जॉन क्लेमंट यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस, वर उडविलेल्या नाण्यावर कोणतीं बलें असतात, असें विचारलें होतें. हात सुटल्यावर, हवेचा अल्प विरोध सोडल्यास, खालीं ओढणारें गुरुत्वाकर्षण तेवढें उरतें. तरी बहुतेकांनीं हाताचा जोर नाण्यांत कायम असल्याचें दाखविलें.

मग शिक्षकानें काय करावें? त्यानें बैलगाडीलाच वर्गांत आणावें. तीच जोडी आणि तेंच ओझें. पण पावसानंतरच्या काळ्या मातींत बैलांच्या तोंडाला फेंस येतो, तर डांबरी सडकेवर गाडी सहज चालते. आंसाला वंगण घातलें कीं ती आणखी हलकी होते. मग बैलांचा जोर खर्ची पडतो कशापायीं? घर्षणापायीं, हें मुलें स्वतःच सांगतील. गाडी सपाट वाटेवर सारख्या वेगानें चालते तेव्हां बैलांची ओढ आणि हें घर्षण यांचा तोल साधलेला असतो. म्हणजे गाडी न्यूटनच्याच बाजूनें साक्ष देते.

यानंतर उतरत्या फळीवरून एकच गोटी, एकाच उंचीवरून, प्रथम वाळूवर, मग गोणपाटावर, मग गुळगुळीत फरशीवर सोडावी. सोडण्यापूर्वीं ती कोठें थांबेल याची खूण प्रत्येकाकडून खडूनें करून घ्यावी. अंदाज चुकला कीं मन जागें होतें. गोटी दर वेळीं अधिक दूर जाते. "आणि घर्षण मुळींच नसतें तर?" या प्रश्नाला मिळणारें उत्तर हाच तो नियम, आतां तो मुलांच्या तोंडून निघालेला असतो.

एका प्रयोगानें जुनी समजूत जात नाहीं. झोपाळा, सायकल, विटीदांडू यांच्या निमित्तानें तोच प्रश्न पुनः पुनः विचारावा लागतो. घरच्या वडीलधाऱ्यांनींही मुलाच्या चुकीच्या उत्तरास हंसण्यापूर्वीं "तुला असें कां वाटतें?" एवढें विचारावें. त्या उत्तरामागें बहुधा त्यानें नीट पाहिलेली एखादी गोष्ट असते, आणि विज्ञानाचा आरंभ तेथूनच होतो.