टीबीच्या गोळ्या सहा महिने कशाला?

टीबीची औषधं सुरू झाली की महिन्या-दीड महिन्यात खोकला कमी होतो, ताप उतरतो, जेवण जायला लागतं. दोन महिन्यांनी थुंकीही निगेटिव्ह येते. मग घरात प्रश्न निघतो, आता बरं वाटतंय, तर आणखी चार महिने या गोळ्या कशाला? प्रश्न रास्त आहे. 'डॉक्टर सांगतात म्हणून' एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.

याचं उत्तर एका जुन्या प्रयोगापासून सुरू होतं. आयर्लंडचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला. स्टॅफिलोकॉकस जंतूंवर त्यांनी पेनिसिलिन सोडलं. जवळजवळ सगळे मेले, पण साधारण दहा लाखांत एखादा उरला. उरलेल्यांना पुन्हा वाढवून पुन्हा पेनिसिलिन दिलं, तर त्यांची पिल्लावळही पहिल्यांसारखीच मेली आणि पुन्हा मोजकेच उरले. म्हणजे औषधाला दाद न देणारी ही वेगळी जात नव्हती. जंतू वाढताना आपली भिंत बांधत असतो आणि पेनिसिलिन त्या बांधकामावरच घाव घालतं. उरलेल्यांचं बांधकाम त्या वेळी बंद होतं, असा बिगर यांचा तर्क होता. उगवलेलं तण फवारणीने जळतं, जमिनीत पडून राहिलेलं बी तसंच राहतं, त्यातलाच हा प्रकार.

प्रतिरोध आणि हे तग धरणं यांत फरक आहे. प्रतिरोधी जंतू औषध असतानाही वाढतो आणि तो गुण पुढच्या पिढीला देतो. तग धरणारा वाढत नाही आणि मरतही नाही. औषध ओसरलं की पुन्हा वाढू लागतो. प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी औषधाने वाढ थांबते का, एवढंच पाहते. जंतू मरायला किती वेळ लागतो, हे तिच्यात दिसत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये 'औषध लागू पडतं' असं असूनही आजार उलटू शकतो.

टीबीचा जंतू तर मुळातच संथ. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला जवळपास एक दिवस लागतो. त्यातही फुप्फुसाच्या कोपऱ्यांत काही जंतू जवळजवळ निपचित असतात. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध वाढणाऱ्या जंतूंचा पहिल्या काही दिवसांतच फडशा पाडतं, पण या निपचित जंतूंपुढे ते लंगडं पडतं. तिथे रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधं लागतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेनिस मिचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचण्यांतून या दोन औषधांची ताकद कळली आणि दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला. तेव्हा सहा महिने हीच मुळात कमी केलेली मुदत आहे.

मध्येच गोळ्या सोडल्या तर मागे राहिलेले जंतू डोकं वर काढतात. धोका तेवढ्यावर थांबत नाही. जेरुसलेममध्ये नताली बलबान यांच्या प्रयोगशाळेने २०१७ साली दाखवलं, की औषधाचा मारा अधूनमधून होत राहिला तर ई. कोलायमध्ये आधी तग धरण्याची क्षमता येते आणि तिच्याच आधाराने पुढे प्रतिरोध उभा राहतो.

याचा अर्थ प्रत्येक आजारात औषध जास्त दिवस घ्यावं असा नाही. साध्या न्यूमोनियात बहुतेकांना पाच-सात दिवस पुरतात. मुदत जंतूवर आणि तो कुठे बसलाय यावर ठरते. ती आपल्या मनाने वाढवू नये आणि कमीही करू नये.

घरात कुणाला टीबीचे उपचार चालू असतील, तर गोळ्या संपायच्या आत पुढच्या आणून ठेवा. सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या बदलायच्या की काही दिवस थांबवायच्या, ते डॉक्टरांना ठरवू द्या.